थर्मोस्टॅट कोणी काढला?

दहा-पंधरा वर्षं वापरलेली छोटी गाडी घेणाऱ्याला पुढे काय खर्च येतो ते लिहा, तांत्रिक भाषा मात्र टाळा, असं संपादकांनी कळवलं. खर्च सांगतो. तांत्रिक भाषा टाळणं जमेलच असं नाही, कारण लोकांचे पैसे जातात ते नेमके तिथेच.

नेहमीची कामं आधी उरकतो. दर कोल्हापूरचे, साध्या पेट्रोल हॅचबॅकचे. क्लचचा सेट मजुरीसकट सहा ते आठ हजार. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येत असेल तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट. तीन ते पाच हजारांत भागतं. एसीचा कॉम्प्रेसर गेला तर दहा-पंधरा हजार धरा. सँट्रो झिंगसारख्या टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजा आणि तीन-चार हजार बाजूला काढा. बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन आहे, तिथे ही धास्ती कमी. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली आहे.

हे सगळं बाजारात विचारून कळतं. मला लिहायचंय ते गाडी तापण्याबद्दल.

गणपतीनंतर एक प्राथमिक शिक्षक गाडी टोचन करून माझ्या गॅरेजवर घेऊन आले. 2010 ची गाडी, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. कोकणातून परतताना आंबा घाट चढत होते, घरची माणसं आत, एसी चालू. तापमानाचा काटा वर गेला, मग आपोआप खाली आला. गुरुजींना वाटलं, गाडी थंड झाली. म्हणून ते चालवत राहिले. प्रत्यक्षात पाणी संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. तो कोरडा पडला की काटा खाली येतो आणि माणूस फसतो. यात गुरुजींची काहीच चूक नाही. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

इंजिन उघडलं. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालेलं, हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळलेलं. हेडवर पट्टी आडवी धरून खालून फिलर गेजचं पातं सरकवलं. 0.05 मिलिमीटरची जाडी तिथे आत जाता कामा नये. तिच्या तिप्पट जाडीचं पातं अलगद आत गेलं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बिडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी जखडलेलं हेड मग वाकणारच.

रेडिएटर बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी निम्म्याहून अधिक बंद होता. आणि थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता.

गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. कारण सांगतात, ‘आपल्याकडे थंडी कुठे असते?’ पण हा भाग बाहेरच्या थंडीसाठी नाहीच. पितळेच्या छोट्या डबीत मेण असतं. इंजिनातलं पाणी साधारण 82 अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोपर्यंत वाट बंद, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. कोणाला शंका असेल तर मी पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट घालून गॅसवर ठेवतो. तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. उघडला नाही तर नवा पाचशे ते हजार रुपयांत मिळतो.

कार्ब्युरेटरच्या अँबॅसिडर-पद्मिनीत तो काढला तरी लगेच काही बिघडल्यासारखं वाटत नसे. एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघून पेट्रोल सोडतो. इंजिन थंड राहिलं तर तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ॲव्हरेज पडतं, रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतं. म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि घाटात गाडी त्यामुळेच जास्त तापली. एवढं सांगूनही माझ्याच ओळखीचे चांगले मिस्त्री आजही तो काढतात. मला याचा मनापासून राग येतो.

लोक मात्र गाडी बघायला येतात तेव्हा किलोमीटर बघतात. तो आकडा मागे फिरवता येतो. रंग बघतात, टायर बघतात, ‘किती देते?’ विचारतात. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. तांबूस गढूळ पाणी दिसलं, त्यावर तेलाचा तवंग असला, तर भाव करत बसू नका. गरम असताना झाकण उघडू नका. तिथलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वरही असू शकतं, उघडताच अंगावर उसळतं. कूलंट म्हणजे रंगीत पाणी हा समजही सोडा. तो गंज थांबवतो आणि उकळण्याचं तापमान वाढवतो. तो डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचा, नळाच्या पाण्यात नाही.

गुरुजींनी विचारलं, ‘मिस्त्री, सव्वा लाखाच्या गाडीवर एवढा खर्च करायचा का?’ हेड उद्यमनगरात फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला द्यायचं, गॅस्केट, ऑइल, नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी. सतरा हजारांच्या पुढे आकडा जात होता. ब्लॉक सरळ होता, चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन नंतर सारखी आली. मी ‘करा’ म्हणालो, आणि ते बरोबरच होतं असं आजही वाटतं. पण त्यांच्या पगारातून तो पैसा कसा निघाला असेल, हे डोक्यातून जात नाही. हजाराच्या आतला भाग कोणीतरी काढून टाकला आणि आतला गाळ तसाच ठेवला, त्याचं बिल त्यांनी भरलं.

आधीच्या गॅरेजचं एकही बिल गाडीबरोबर आलं नव्हतं. माझ्याकडे काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देतो, आणि काय बसवलं, काय काढलं ते बिलावर लिहितो. ‘थर्मोस्टॅट काढला’ एवढे दोन शब्द कोणी कागदावर लिहिले असते, तर गाडी घेण्याआधीच गुरुजींनी ते कोणाला तरी दाखवले असते.