अनोळखी कपॅसिटर आणि सासूबाईंचा तानपुरा

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांनी तिकडून आणलेलं एखादं यंत्र बिघडलंय आणि तुम्ही "नवीन घेऊ की!" म्हणताय? मग जरा थांबा, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. मी सीए, इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही. पण हे काम बरंचसं हिशेबाचंच निघालं.

जानेवारीत नोव्हायला सासूबाईंचा दिवस म्हणजे सकाळचा रियाज आणि मग खिडकीतून दिसणारा बर्फ. त्यांचा पुण्याहून आणलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा वीसेक वर्षांचा. तो अचानक गुरगुरायला लागला. रियाज बंद. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "अगं, माझं तिकीट जरा अलीकडचं करता येईल का?" त्याच संध्याकाळी मी आणि माझ्या पंधरा वर्षांच्या लेकाने स्क्रू काढले.

निदान मात्र त्यांच्या कानाने केलं. म्हणाल्या, "ही घूं रिषभावर नाही, कोमल गंधारावरही नाही. मधेच कुठेतरी आहे." त्यांचा षड्ज काळी चार. लेकाने मांडलं: खालचा सा साधारण १०४ हर्ट्झ, म्हणजे हा मधला सूर १२०च्या आसपास. इथली वीज ६० हर्ट्झची; एसीचं डीसी करताना तिच्या दुप्पट, म्हणजे १२० हर्ट्झची गुणगुण उरते. ती गिळायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. (पुण्यात ५० हर्ट्झ, त्यामुळे तीच घूं १००वर, सा च्या किंचित खाली वाजली असती. आजी-नातू यावर अर्धा तास बोलत होते, मराठीत!)

प्लग काढला, मीटर लावून कपॅसिटरमध्ये चार्ज उरला नाही ना ते पाहिलं. हे आधी. प्लग काढल्यावरही तो धरून ठेवतो.

चार डायोडच्या लगेच पुढे तो सापडला, पण वरचं प्लास्टिक करपून छपाई गेलेली. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने नुसतं बघून सांगितलं असतं. इथे आमच्यासाठी ती सस्पेन्स खात्यातली नोंद. लेक म्हणाला, मीटरवर मोजू. मोजलं तर ४० मायक्रोफॅरड. पण वाळलेल्या कपॅसिटरचं आजचं माप म्हणजे मूळ माप नव्हे. बुडीत कंपनीच्या आजच्या शिलकीवरून भांडवल सांगण्यासारखं आहे ते. म्हणून आजूबाजूचे पुरावे पाहिले.

ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट लिहिलेलं. एसीचे १२ म्हणजे शिखराला १७; दोन डायोड मिळून दीडेक खातात, उरले साडेपंधरा. लोड कमी असला की त्याहून वर. म्हणजे १६ व्होल्टचा अगदीच काठावर, २५चा घ्यायचा. व्होल्टेज जास्त चालतं, कमी चालत नाही. क्षमतेसाठी पुढचा भाग पाहिला: ७८०९ रेग्युलेटर, ९ व्होल्ट देतो, त्याला आत किमान ११ लागतात. विजेचा खप ०.२ अँपिअर धरला तर १००० मायक्रोफॅरडवर चढउतार सुमारे १.७ व्होल्ट, तळाला पावणेचौदा उरतात. भरपूर झाले. आकारही १०००ला साजेसा होता, पण त्यावर मी विसंबले नाही. त्याच क्षमतेचे जुने कपॅसिटर आजच्यापेक्षा जाडजूड असतात.

१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा. डॉलरच्या आत आला. पट्टी असते ती निगेटिव्ह बाजू, हे बसवण्याआधी दोघांनी वेगवेगळं तपासलं. उलटा बसला तर फुटू शकतो.

सासूबाईंनी दोन मिनिटं ऐकलं. "घूं गेली. पंचम उतरलाय." पंचमाचं बटण बाहेरच आहे. तिकीट एप्रिलचंच राहिलं.

एक मात्र सांगते. हे सगळं ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या, कमी व्होल्टेजच्या बाजूचं. भिंतीतल्या विजेला थेट जोडलेले एक्स आणि वाय वर्गाचे कपॅसिटर वेगळे. तिथे असा हिशेब करून जवळपासचं काही बसवायचं नाही, त्याच वर्गाचा आणि त्याच मापाचा लावायचा. त्या बाजूला हात लावायची परवानगी आमच्या लेकाला अजून नाही.