साओ पावलो: सेन्नाच्या शहरात एक फेरफटका

ब्राझील म्हटलं की आपल्याला आधी फुटबॉल आठवतो. पण साओ पावलो शहरात फिरताना मेट्रो स्टेशनच्या पाटीवर आणि महामार्गाच्या फलकावर एका रेसिंग ड्रायव्हरचं नाव दिसतं. हा ड्रायव्हर म्हणजे आयर्टन सेन्ना, तीन वेळचा फॉर्म्युला वन विश्वविजेता.

त्याला भेटायचं तर शहराच्या दक्षिणेला जाणारी लोकल पकडायची आणि ‘ऑटोद्रोमो’ स्टेशनवर उतरायचं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर इंटरलागोसचा ट्रॅक आहे. इंटरलागोस म्हणजे दोन तळ्यांच्या मधली जागा. १९४० मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक खरोखरच दोन मोठ्या जलाशयांच्या मध्ये आहे. इथला पाऊस मोठा लहरी! आत्ता ऊन असतं आणि थोड्याच वेळात ट्रॅक ओलाचिंब.

सेन्नाचा जन्म याच शहरात, २१ मार्च १९६० रोजी झाला. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून त्याला छोटी गाडी बनवून दिली. तेराव्या वर्षी तो इंटरलागोसच्या कार्टिंग ट्रॅकवर पहिल्या शर्यतीत उतरला. आज त्या ट्रॅकला त्याचंच नाव आहे. सुरुवातीला पावसातल्या एका शर्यतीत तो सपशेल हरला. मग पाऊस आला की बाकीची मुलं घरी पळायची आणि हा गाडी बाहेर काढायचा, असं सांगतात. त्या सरावाचं फळ पुढे जगानं पाहिलं. १९८५ मध्ये पोर्तुगालमध्ये, मुसळधार पावसातच त्यानं पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली.

१९८८, १९९० आणि १९९१ मध्ये मॅक्लारेनच्या गाडीतून तो विश्वविजेता झाला. पण मायदेशातली शर्यत काही केल्या हाती लागत नव्हती. सात वेळा प्रयत्न फसले. २४ मार्च १९९१ ला, इंटरलागोसवर, आठवा प्रयत्न. तो पुढे होता आणि अचानक एकेक गिअर निकामी होऊ लागले. शेवटी उरला फक्त सहावा गिअर. वळणावर वेग कमी करायचा, तरी गाडी बंद पडू द्यायची नाही! त्यातच पाऊस सुरू झाला. तीन सेकंदांहूनही कमी फरकानं तो जिंकला. हात आणि खांदे इतके आखडले होते की त्याला गाडीतून बाहेर काढावं लागलं. ट्रॉफी उचलतानाही तो वेदनेनं कळवळत होता, पण उचललीच.

तीन वर्षांनी, १ मे १९९४ रोजी, इटलीत इमोला इथल्या शर्यतीत अपघात होऊन तो गेला. वय अवघं ३४. आदल्याच दिवशी तिथे ऑस्ट्रियाचा रोलंड रात्झनबर्गर हा ड्रायव्हर मरण पावला होता. सेन्नाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकलो तर रोलंडच्या स्मरणार्थ तो फडकवायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

ब्राझीलनं तीन दिवस दुखवटा पाळला. निरोप द्यायला साओ पावलोच्या रस्त्यांवर लाखो लोक आले. मोरुंबी दफनभूमीत त्याची समाधी आहे. ना पुतळा, ना घुमट. हिरवळीत बसवलेली एक साधी पाटी आणि लोकांनी वाहिलेली फुलं, एवढंच. बहीण विवियान हिनं त्याच वर्षी त्याच्या नावानं संस्था सुरू केली. ब्राझीलमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी ती आजही काम करते.

आपल्याशी एक छोटासा धागाही आहे. २०१० मध्ये सेन्नाचा भाचा ब्रुनो फॉर्म्युला वनमध्ये आला, तेव्हा संघातला त्याचा जोडीदार होता चेन्नईचा करुण चंढोक.

कधी साओ पावलोला गेलात, तर इंटरलागोस नक्की पाहा. मुख्य ट्रॅकच्या पहिल्याच वळणांना ‘सेन्ना एस’ म्हणतात. छत्री मात्र विसरू नका. आणि पाऊस आलाच, तर लगेच आडोशाला पळू नका. क्षणभर थांबून ओल्या ट्रॅकवर एकटाच सराव करणारा तो तेरा वर्षांचा मुलगा आठवून पाहा.