आबांची बाज

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून सारं किल्लारी झोपलं होतं. पहाटे भूकंप झाला. आबा हायब्रीडच्या राखणीला शेतात होते, म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी छताखाली पाठ टेकली नाही. पावसाळ्यातही बाज फार तर ओसरीपर्यंत येई. आम्ही पोरं हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, कोण जाणे!

एप्रिल २०२१ मध्ये त्यांना लातूरच्या दवाखान्यात नेलं. मी नांदेडला खोलीवर. लोहा, अहमदपूर, चाकूर, की लातूर आलंच; पण जिल्हा ओलांडायला पास हवा. दादा म्हणाले, "येऊ नको. आत कुणालाच सोडीत नाहीत."

एकदाच फोनवर आवाज ऐकला. धाप लागलेली. "बाज अंगणातच हाय का रे?"

"हो आबा," मी म्हणालो. मला काय ठाऊक?

अंत्यविधीला वीस जणांची मुभा होती. आमचे चौघेच होते. मी त्यांत नव्हतो.

पुढे घरी गेलो, तर बाज आतल्या खोलीत भिंतीला उभी. अवकाळीनं सुंभ भिजेल म्हणून मायनं महिन्यापूर्वीच आत घेतलेली. मी ती उचलून अंगणात टाकली. आभाळ भरून आलं होतं. माय दारात उभी होती, काही बोलली नाही.