रिकाम्या जागेचे राखणदार

बर्लिनमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्याला टेम्पलहोफचं मैदान दाखवू नये. त्याचं डोकं फिरतं. भर शहरात तीनशे हेक्टर सपाट, मोकळी जमीन, आणि तिला लागूनच असलेल्या नॉयक्योल्न भागात एका खोलीसाठी जिन्यापर्यंत रांग! बाबा पुण्याहून आले होते, तेव्हा कुंपणाच्या आत पाय ठेवताच त्यांनी विचारलं, "अरे, इथे अजून कुणी काही बांधलं कसं नाही?" पर्वतीच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

बांधलं नाही, कारण बांधू दिलं नाही. हा जुना विमानतळ. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिनचं पीठ आणि कोळसा इथे उतरत होता. २००८ च्या ऑक्टोबरात विमानं थांबली, २०१० च्या मे महिन्यात फाटकं उघडली आणि धावपट्ट्यांवर सायकली, पतंग, बाबागाड्या आल्या. गवतात चंडोल घरटी करतात, म्हणून विणीच्या काळात तेवढा भाग कुंपणाने राखतात. पूर्वेच्या कडेला लोकांनी लाकडी खोक्यांत माती भरून भाजीपाला लावलाय. बाग म्हणावी तर झाडं मोजकीच. आहे तो नुसता मोकळेपणा.

त्यावर शहराच्या सरकारने आराखडा आणला. कडेकडेने सुमारे ४,७०० घरं, कचेऱ्या, एक भव्य ग्रंथालय. मधलं मैदान तसंच. ऐकायला वावगं काही नाही. पण यातली परवडणारी घरं किती, या प्रश्नाला गुळमुळीत उत्तरं मिळाली. शिवाय विचारणाऱ्यांना दिसत होतं की याच सरकारच्या भागीदारीतला नवा विमानतळ २०१२ मध्ये उघडायचा होता आणि कुलूपबंदच पडून होता. (तो उघडला २०२० मध्ये.) माझ्या मते टेम्पलहोफची लढाई चंडोलांनी जेवढी जिंकली, तेवढीच या अविश्वासाने.

आसपासच्या रहिवाशांनी निषेधाचे फलक तर लावलेच, पण थेट कायद्याचा मसुदाही लिहिला: मैदान विकायचं नाही, त्यावर बांधायचं नाही. सार्वमतासाठी चार महिन्यांत सुमारे पावणेदोन लाख सह्या हव्या होत्या; तेही शरद ऋतूत आणि हिवाळ्यात. १ लाख ८५ हजारांवर सह्या वैध ठरल्या. भुयारी रेल्वेच्या दाराशी एका आजींनी माझ्याही हातात पेन दिलं. भारतीय पासपोर्ट आहे म्हटल्यावर त्यांनी ते हळूच काढून घेतलं आणि थर्मासमधला चहा पुढे केला. सही फक्त जर्मन नागरिकाची चालते. रविवारी त्या मैदानावर शेगड्या पेटवून कोळशावर मांस भाजणाऱ्या कितीतरी तुर्की आणि अरब कुटुंबांनाही मत नव्हतं. २५ मे २०१४ ला ज्यांनी मत दिलं, त्यांतल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी ते मैदानाच्या बाजूने दिलं.

आता दुसरी बाजू, जी माझ्या बँकखात्याला चांगली ठाऊक आहे. विमानं थांबली, शांतता आली, आणि मैदानाकाठच्या गल्ल्यांमधली भाडी चढत गेली. "ज्यांना घर आहे त्यांनी मैदान वाचवलं," असं माझी एक सहकारी चिडून म्हणते. ती तीन वर्षं दुसऱ्यांच्या घरात पोटभाडेकरू आहे. तिला चंडोलांचं कौतुक ऐकवायला माझी जीभ रेटत नाही. तरीही मी मैदानाच्याच बाजूचा. दुमजली घरावर दोन मजले चढवता येतात, सुपरमार्केटच्या एकमजली डब्यावर घरं उभारता येतात. पण एकदा इमारती उठल्या की तीनशे हेक्टर परत कोण देणार?

लढाई मात्र मिटलेली नाही. सार्वमताने झालेला कायदा इथली विधानसभा साध्या बहुमताने बदलू शकते. २०१६ मध्ये निर्वासितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांसाठी तो बदललाही होता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०२३ मध्ये आलेल्या सरकारने कडेच्या घरांचा विषय पुन्हा काढला.

याच शहराने २०२१ मध्ये आणखी एका सार्वमतात बड्या कंपन्यांच्या ताब्यातली भाड्याची घरं सार्वजनिक मालकीची करा, असा कौल दिला. त्याची अंमलबजावणी रखडली आहे. तेव्हाही मला मत नव्हतं. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, भारत करत नाही. अर्ज भरलेला आहे, सही बाकी आहे. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "एका मैदानासाठी पासपोर्ट सोडणार?"

"भाड्यासाठीसुद्धा," मी म्हटलं.