नाताळात बस नसते

परदेशात राहणाऱ्या माणसाच्या दारात मोटारगाडी असणारच, अशी आपल्याकडे समजूत आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या आम्हां उभयतांच्या दारात ती नाही. विमा, गाडी उभी करण्याचे भाडे आणि २००३ सालापासून मध्यवर्ती भागात आकारला जाणारा गर्दीचा कर यांचा हिशेब मांडल्यावर तो विचार आम्ही सोडून दिला. तेव्हापासून आमचा बाजारहाट, आमचा दवाखाना आणि आमची रविवारची मिस्सा ही सर्व लाल दुमजली बसच्या स्वाधीन आहेत.

या बसला नुसती नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. २०१८ सालापासून एकाच भाड्यात तासाभरात हव्या तितक्या बसगाड्या बदलता येतात. चढताना पायरी नसल्यामुळे गुडघेही कुरकुरत नाहीत. तरीही तिच्यावर विसंबणाऱ्याच्या संयमाची परीक्षा रोजच होते. थांब्यावरील फलक ‘तीन मिनिटे’ असे आश्वासन देतो. दहा मिनिटे लोटली तरी त्याची तीन मिनिटे संपत नाहीत. मग एकाच क्रमांकाच्या तीन बसगाड्या एकीमागून एक येऊन उभ्या राहतात. कारण साधे आहे. पहिल्या गाडीला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यांवर माणसे साचतात आणि ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला थांबे रिकामे मिळतात व ती पहिलीला गाठते. यावर उपाय म्हणून गाडी वाटेतच रोखून धरतात. मिस्सेला सात मिनिटे उरलेली असताना ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की, दोन गाड्यांतील अंतर सारखे राखण्यासाठी ही बस काही वेळ येथे थांबेल. कधी तोच गोड आवाज गाडीचे शेवटचे स्थानक बदलल्याचे कळवतो आणि भर पावसात सर्वांना उतरावे लागते.

गाऱ्हाणे सांगावे तर कोणाला? चालक काचेआड असतो. जुन्या धाटणीच्या गाड्यांची नेहमीची सेवा २००५ साली संपली आणि वाहकही जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ सालापासून रोख पैसे घेत नाहीत. नाणी मुठीत धरून आलेला नवखा पाहुणा खालीच राहतो. आमच्या वसईच्या एस.टी.चा वाहक अंगावर खेकसत असे. परंतु ‘मावशी, सावकाश उतरा, चर्च आलं,’ असेही तोच म्हणत असे. खेकसणारेच कोणी नसले म्हणजे राग मनातल्या मनात कुजतो.

या परावलंबनाची खरी टोचणी मात्र नाताळात जाणवते. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री सेवा आटोपती घेतात आणि २५ तारखेला शहरात बस नाही, भुयारी रेल्वेही नाही. चालकांनाही घर आहे, मुलेबाळे आहेत. त्यांच्या या सुट्टीचा हेवा आम्ही करीत नाही. आम्ही तासभर चालत मिस्सेला जातो. वाटेत आमच्यासारखेच फिलिपिनो, नायजेरियन, गोवेकर भेटतात व एकमेकांना शुभेच्छा देतात. परंतु आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध आयरिश बाईंना एवढे चालवत नाही. वर्षभर प्रत्येक रविवारी पुढल्या बाकावर बसणाऱ्या या बाईंची जागा प्रभुजन्माच्या दिवशीच रिकामी दिसे. आम्हीही पायीच जाणारे. त्यांना कसे आणणार? शेवटी फादरांशी बोलून चर्चच्या दाराशी एक कागद लावला : नाताळात ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांनी नावे लिहावीत. चार नावे आली. चारच, पण त्या नाताळात बाई आपल्या जागेवर होत्या.

पोप फ्रान्सिस ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप असताना बसने व भुयारी रेल्वेने हिंडत. मार्च २०१३ मध्ये पोपपदी निवड झाल्यावरही ते इतर कार्डिनलांसोबत बसनेच निवासस्थानी परतले. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची ओळख तेथे उभे राहिल्यावाचून होत नाही.

आता आपल्या गावीही अंगणाअंगणात दुचाकी-चारचाकी उभी आहे. सणाच्या मिस्सेची वेळ ठरवताना, संस्थांच्या सभा रात्री लांबवताना शेवटची बस किती वाजता सुटते, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? वाचकांनी आपल्या वॉर्डातील अशी घरे एकदा मोजावीत. नाताळाला अद्याप अवकाश आहे. एक कागद चर्चच्या दाराशी लावण्यास तेवढा वेळ पुरे.