वेलीची झोप

दसऱ्याच्या मागेपुढे एका सकाळी मी गॅलरीत कात्री घेऊन बसतो. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या पाचव्या मजल्यावर, दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात, शिराझची एक वेल आहे. खुंट डॉगरिजचा, वरची काडी निफाड तालुक्यातल्या भावाच्या बागेतली. समोर वसईची खाडी, रेल्वेचे पूल, पाणजू बेटाची हिरवी रेघ. विरार लोकल पुलावरून गेली की वेलीची पानं थरथरतात असं मला वाटतं. घरात ते कोणालाच पटत नाही.

"काका, यंदा तरी द्राक्षं?" शेजारच्या फ्लॅटमधून दरवर्षी हा प्रश्न येतो. फेब्रुवारीत, असं मी दरवर्षी सांगतो. सहा वर्षांत चार घड आले. दोन भुरीने गेले, दोन साळुंक्यांनी खाल्ले. खाडीवरची दमट हवा द्राक्षाला मानवत नाही, हे मला ड्रम आणण्याआधीच माहीत होतं. पण सात वर्षं बागेत आणि बावीस वर्षं वायनरीत काढलेल्या माणसाचा हात ऑक्टोबर आला की शिवशिवतो, त्याला इलाज नाही.

आमच्या भागात वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी: वेल ओलांड्यापर्यंत खरडून काढायची, म्हणजे नव्या काड्या फुटतात. त्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाच्या जोरावर पुढच्या घडाचं बीज धरतं. याला शास्त्रात सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, पण त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर डोळा रिकामा जातो आणि ते कळतं थेट ऑक्टोबरात. मग गोडी छाटणी. काडीवर नेमके डोळे राखायचे, त्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावायची, म्हणजे सगळे एकदम फुटतात. हातमोजे घालून बायका एकेका डोळ्याला पेस्ट लावत जातात. पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला आलेल्या या बायकांइतका काडीचा डोळा कोणी ओळखत नाही. फळाचा कुठला आणि वांझ कुठला, हे त्यांनी मला शिकवलं. पुस्तकाने नाही.

हे सगळं कशासाठी, तर आमची वेल झोपत नाही म्हणून. नाशिकला थंडी असते, निफाडला तर कुंदेवाडीच्या केंद्रावर पारा किती उतरला याची पेपरात बातमी होते. पण ती थंडी वेलीचं पान गाळण्याइतकी टिकत नाही.

झोपणारी वेल मी पहिल्यांदा पाहिली ती मेदोकमध्ये, बोर्दोच्या उत्तरेला. सप्टेंबर हा नाशिकच्या वायनरीत रिकामा महिना, तिथे तोच तोडणीचा. म्हणून आमच्यातले काहीजण तिकडे हंगाम करायला जातात. मीही एकदा गेलो. कागदपत्रांच्या घोळामुळे परतायचं लांबलं आणि मी डिसेंबरपर्यंत राहिलो, हे माझं नशीब. ऑक्टोबरात पानं तांबडी झाली, मग गळाली, मग उरले नुसते काळे खुंट. गुडघ्याएवढे, वाकडे, ओळीने उभे. मला वाटलं बाग मेली. तिथला म्हातारा छाटणीवाला त्या खुंटांमधून फिरत होता तो पाळण्यात मूल निजलेल्या घरात फिरावं तसा. कडाक्याच्या थंडीत एकच छाटणी. छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजायची तिथली रीत आहे. मग वेलीला कोणी उठवत नाही. ती कधी उठेल ते तिने ठरवायचं. लवकर उठली तर उशिराच्या हिमात कोंब जळतात. २०१७ च्या एप्रिलअखेरीला बोर्दोत असंच झालं आणि बागाच्या बागा करपल्या.

आमच्याकडे तारीख माणूस ठरवतो. कात्री लावली त्या दिवसापासून दिवस मोजायला लागायचं. साडेचार महिन्यांनी तोडणी. पण कात्रीची घाई केली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर पडतो, केवडा रोग येतो आणि घड कुजून गळतात. उशीर केला तर तोडणी मार्चच्या उन्हात सापडते. आमचे आप्पा पंचांग बघत नसत, पण छाटणीची तारीख ठरवताना त्यांचा चेहरा मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढल्यासारखा व्हायचा. न झोपणारी वेल थकतेही लवकर. पंधरा-वीस वर्षांत आमची बाग उतरणीला लागते. तिकडे पन्नाशी उलटलेल्या वेलीची दारू बाटलीवर तसं छापून महाग विकतात.

मेदोकमध्ये म्हण आहे की ज्या बागेला नदी दिसते तिचीच वाइन चांगली. नदी म्हणजे जिरोंद, खरं तर खाडीच. गढूळ, तांबूस, भरती-ओहोटीची. काठावर खांबांवर उभ्या लाकडी झोपड्या आणि त्यांतून पाण्यात सोडलेली चौकोनी जाळी. तिथे उभा राहिलो की मला भाईंदरची आठवण यायची, फक्त मिठागरं तेवढी नव्हती. म्हणीत तथ्य आहे. मोठं पाणी जवळ असलं की हिमाचा कडाका कमी होतो, आणि काठच्या गोट्याळ जमिनीत पाणी थांबत नाही. काबर्ने सोव्हिन्याँला तेच हवं. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या वर्गात बसलेल्या बागांपैकी एकीला जिरोंद चांगली दिसते. तिचं नाव शातो लातूर. आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे मी तिथल्या कोणाला सांगत बसलो नाही. पण म्हण शब्दशः घ्यायची तर जेसल पार्कातली माझी गॅलरीसुद्धा पहिल्या वर्गात यायला हवी.

आप्पांना वाइनची द्राक्षं शेवटपर्यंत पटली नाहीत. खायच्या थॉमसन द्राक्षाचा मणी अठरा मिलिमीटरचा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शिराझचा पहिला घड मी हातात दिला तेव्हा त्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला. "ही काय द्राक्षं? जाड साल अन् नुसत्या बिया." अगदी बरोबर बोलले. लाल वाइन त्या सालीत आणि बियांतच असते. काळ्या द्राक्षाचा रस पिळला तर तो जवळजवळ पांढराच निघतो. रंग, तुरटपणा, टिकाऊपणा हे सगळं सालीबरोबर रस आठ-दहा दिवस मुरला म्हणजे उतरतं.

तोडणीची वेळ साखरेच्या आकड्यावर ठरते असं बाहेरच्यांना वाटतं. चोवीस ब्रिक्स आले की तोडा. नाशिकच्या उन्हात साखर पुढे धावते, आंबटपणा भराभर उतरतो आणि बी मागे राहतं. म्हणून बी चावून बघायचं. हिरवं असलं तर जीभ आखडते. तपकिरी झालं की भाजक्या दाण्यासारखं कुरकुरतं. काबर्नेला तोवर ढोबळी मिरचीचा वास येत असतो, तो गेला पाहिजे. उतरलेला आंबटपणा आम्ही टार्टारिक टाकून भरून काढतो. गार वर्षी बोर्दोवाले रसात साखर टाकायचे. ज्याला जे कमी, तो ते टाकतो. तरी वाइनच्या पार्ट्यांत त्यांची ती परंपरा आणि आमची भेसळ, असं बोलणारे भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलंय.

पहाटे चारला डोक्याला बॅटरी बांधून तोडणी, ऊन तापायच्या आत क्रेट वायनरीत. टाकीत रस आंबायला लागला की साली वर येऊन जाड थर धरतात. खालचा रस पंपाने उपसून त्या थरावर दिवसातून दोन-तीनदा फिरवायचा. टाकीला कान लावला तर आत पाऊस पडत असल्याचा आवाज येतो. एका फेब्रुवारीत, मी रात्रपाळीला असताना, वीज गेली आणि जनरेटरही रुसला. थंडाव्याचं पाणी थांबलं. पहाटेपर्यंत टाकीचा पारा पस्तीसच्या वर. कान लावला तर आत शांत. यीस्ट मेलं होतं, साखर अर्धी तशीच. पुढचे तीन आठवडे नवं यीस्ट बादलीत जोपासून, त्याला त्याच वाइनची थोडी थोडी सवय लावून, टाकी पुन्हा चालू केली. ती वाइन कधी चांगली झाली नाही. झाली म्हणून विकली गेली.

२००८ नंतरची मंदी मी थोडक्यात सांगतो, कारण ती आठवायला आवडत नाही. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही. आमचा करार ज्यांच्याशी होता त्यांनी माल उचलला नाही. गावात अनेकांनी वाइनच्या वेली उपटल्या. आम्ही दीड एकर उपटली, अर्धा एकर ठेवली. माझी ड्रमातली काडी त्या अर्ध्या एकरातली.

छाटून झालं की उघड्या काड्यांवर बोर्डो मारायचं. आमच्याकडे हा शब्द शेतात जन्मलेल्या पोरालाही येतो: बोर्डो मारलं का, बोर्डो पातळ झालं. बोर्डो हे एका गावाचं नाव आहे हे मला विशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. १८८२ साली मेदोकमधल्या सँ-झुलियाँला मियार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं की बाकी बागेची पानं केवड्याने गेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. त्या ओळींवर मालकाने मोरचूद आणि चुना शिंपडला होता, वाटसरूंनी निळी-विषारी दिसणारी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. चोरांसाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला. १८८५ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला.

यंदाही मी प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर केलं. दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना, वेगवेगळं भिजवून मग एकत्र. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघितली. तांबूस झाली तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवायचा. स्वयंपाकघरातली सुरी होती, त्यावरून जे ऐकायचं ते ऐकलं. फवारलं. खाडीवरून वारा होता.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या ताई पांढरी चादर घेऊन दारात. चादरीवर निळे ठिपके. मी त्यांना मियार्दे सांगायला लागलो, सँ-झुलियाँ, रस्त्याकडेच्या ओळी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे काका. पण हे जाईल कशाने?"

"आंबटाने," मी म्हटलं. "लिंबू चोळा."

घरात दोन लिंबं होती, ती त्यांना दिली.