एकच सीट!

आपल्या कांदिवलीच्या कारखान्यात कितीतरी ट्रॅक्टर तयार झाले. पण शेतात चालणारा ट्रॅक्टर माझ्या मुलाने पाहिला तो उन्हाळी सुट्टीत, निफाडला, माझ्या मामांच्या द्राक्षबागेत. छोटासाच! जेमतेम तीन-साडेतीन फूट रुंद, म्हणून वेलींच्या दोन ओळींमधून अलगद जाणारा. मागच्या रोटाव्हेटरने माती कशी भुसभुशीत होत होती!

"आजोबा, मला शेजारी बसवा ना!" मुलाने हट्ट धरला.

मीही म्हटलं, "बसू द्या की मामा, एकच फेरी."

मामांनी इंजिनच बंद केलं. "अगं, शाळेत तू बाई, इथं मास्तर मी! याला सीट एकच. पोर मडगार्डवरून घसरलं तर? मागे पाती फिरतात."

मी गप्प! मग बंद ट्रॅक्टरवर बसून चिरंजीवांनी मनसोक्त स्टिअरिंग फिरवलं.

जूनमध्ये हे वर्गात सांगितलं. बाईसुद्धा चुकतात, हे ऐकून वर्ग केवढा खूश!